मावशी, पोरगं उठंना

वकीलबाईंना नमस्कार.

मी सांगलीत खानावळ चालवते. वरच्या दोन खोल्यांत कॉट बेसिसवर कॉलेजची पाच पोरं ठेवलीत. मागच्या महिन्यात रात्री साडेबाराला त्यातलं एक पोरगं जिना उतरून आलं आणि म्हणालं, "मावशी, पोरगं उठंना." वर जाऊन बघते तर त्याच्या खोलीतला दुसरा आडवा पडलेला, ओठ निळे, घशातून घोरल्यागत आवाज. दोघातिघांनी कसल्यातरी गोळ्या घेतल्या होत्या. बाकीची पोरं म्हणत होती, लिंबूपाणी पाजा, उतरेल, फोन नको. मी १०८ ला फोन लावला. पोरगं वाचलं, आता गावी आहे.

पण दवाखान्यातनं पोलिसांना कळलं. हवालदार येऊन गेले, पुढच्या आठवड्यात जबाबाला यावं लागेल म्हणाले. दीर म्हणतात, घर सील होईल, 'मला काय माहीत नाही' एवढंच सांग. जो मला उठवायला आला त्यानंही एक गोळी घेतली होती. त्याचे वडील जतहून आले आणि माझ्या दारात उभं राहून बोलले, "तुम्हाला फोन करायची काय नड होती? पोराचं वाटोळं केलंत." पोरगा खाली मान घालून उभा. आणखी एक. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं खोली झाडली, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या घंटागाडीत गेल्या. आता त्याचंही भ्या वाटतंय.

फोन केला हे चुकलं का? फोन करणाऱ्याला कायद्याचा काही आधार आहे का नाही? आणि त्या पोराचं काय होईल?

— एक खानावळवाली (नाव छापू नये)

ताई, नमस्कार.

चुकलं नाही. हे आधी सांगून टाकते, कारण पुढं बरंच किचकट येणार आहे आणि त्यात हे हरवायला नको. निळे ओठ आणि घशातली घरघर म्हणजे माणूस झोपलेला नसतो, त्याचा श्वास बंद पडत आलेला असतो. अफूच्या जातीच्या दुखण्याच्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या एकत्र पोटात गेल्या की मेंदू श्वास घ्यायचंच विसरतो. त्यात कुणी लिंबूपाणी ओतलं असतं तर ते पोटाऐवजी फुप्फुसात गेलं असतं. तुम्ही तो पेला थांबवलात आणि फोन उचललात. जतच्या गृहस्थांना हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं. त्यांचा मुलगा त्या रात्री जिना उतरला नसता, तर आज त्याच्यावर केस होईल का ही चिंता उरलीच नसती. त्याच्या खोलीत एक मयत सापडला असता आणि प्रश्न फार वेगळे झाले असते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र कडू आहे. नशेच्या औषधांनी माणूस बेशुद्ध पडला म्हणून मदत बोलावणाऱ्याला खास संरक्षण देणारा कायदा आपल्या देशात नाही.

विरोधाभास बघा. समजा तोच मुलगा त्याच रात्री सांगली-मिरज रस्त्यावर ट्रकची धडक बसून पडला असता आणि तुम्ही त्याला रिक्षात घालून नेलं असतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ अ तुमच्या पाठीशी उभं राहिलं असतं. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांसाठीच्या नियमांवर शिक्का मारला, २०१९ च्या दुरुस्तीत ते कायद्यात आले, २०२० मध्ये नियम निघाले. दवाखान्यात तुम्हाला अडकवून ठेवता येत नाही, नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. वर सरकार बक्षीसही देतं, आधी ५,००० रुपये होतं, आता २५,००० केलंय. पण मुलगा रस्त्यावर न पडता तुमच्या वरच्या मजल्यावर गादीवर पडला. तेवढ्यानं हे सगळं छत्र मिटतं. जीव तोच, मदत तीच, धावणारी बाई तीच.

बाहेर काही देशांनी यावर तोडगा काढला आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको या राज्यानं २००७ साली पहिल्यांदा असा कायदा केला आणि मग एकेक करत बहुतेक राज्यांनी केला. कॅनडात २०१७ पासून देशभर आहे. तिथं फोन करणारा, ज्याच्यासाठी फोन केला तो, आणि मदत येईपर्यंत त्या जागी असलेले बाकीचे, या कुणावरही जवळ थोडा माल सापडला म्हणून गुन्हा लावता येत नाही. विकणाऱ्याला मात्र सूट नाही, आणि आधीचं वॉरंट निघालं असेल तर तेही तसंच राहतं. हिशेब सरळ आहे, पोलिसांच्या भीतीनं फोन थांबला तर माणूस मरतो, म्हणून छोट्या गुन्ह्यावर पाणी सोडायचं आणि जीव वाचवायचा. आपल्याकडं हा हिशेब अजून कुणी मांडलेला नाही. आणि हे सांगलीत बसून लिहिताना मला जास्तच खटकतं. २०२४ साली कुपवाडात एमडी (मेफेड्रोन) या नशेच्या पदार्थाचा साठा सापडला, त्याच वर्षी कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत कारखानाच सापडला, २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळ कार्वेच्या औद्योगिक वसाहतीत आणखी एक. माल आपल्या अंगणात शिजतोय, आणि पोरगं कोसळलं तर फोन करावा का यावर खोलीत पाच जण वाद घालत बसतात.

असो. खास कायदा नाही म्हणजे तुम्ही उघड्यावर आहात असं नव्हे. वेगवेगळ्या कायद्यांतले तुकडे जोडून तुमच्यापुरती गोधडी होते. उबदार आहे. त्या मुलासाठी ती थोडी आखूड पडते.

तुमचं आधी. दीरांनी 'घर सील' म्हटलं ते कुठून आलं असेल ते मला ठाऊक आहे. अमली पदार्थांचा जो १९८५ चा कायदा आहे, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, त्याच्या कलम २५ मध्ये जागामालकाचा उल्लेख आहे. घर, खोली, आवार, वाहन, इतकंच काय जनावरसुद्धा, ज्याच्या ताब्यात आहे त्यानं ते अशा गुन्ह्यासाठी जाणूनबुजून वापरू दिलं तर त्याला मूळ गुन्ह्याइतकी शिक्षा. सगळा भार 'जाणूनबुजून' या शब्दावर आहे. रोज रात्री वर काय चालतं ते ठाऊक असून भाडं मिळतंय म्हणून डोळेझाक करणारा मालक वेगळा आणि साडेबाराला झोपेतून उठून फोन करणारी मावशी वेगळी. जिला लपवायचं असतं ती १०८ ला बोलावून घराची पायरी दाखवत नाही. आणि मालमत्ता जप्तीची जी तरतूद आहे ती तस्करीच्या पैशातून उभ्या केलेल्या मालमत्तेसाठी आहे. पोळी-भाजीच्या डब्यांवर बांधलेलं घर त्यात येत नाही. फार तर पोलीस खोलीचा पंचनामा करतील.

मदत करताना तुमच्या हातून चुकून काही इजा झाली असती, म्हणजे त्याला हलवताना डोकं आपटलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३० आहे. माणूस संमती देण्याच्या अवस्थेत नाही आणि त्याच्या भल्यासाठी सद्भावनेनं काही केलं, तर त्यातून झालेली इजा गुन्हा ठरत नाही. जुन्या दंड संहितेत हे ९२ वं कलम होतं, दीडशे वर्षं तिथंच होतं, फक्त कुणी वाचत नव्हतं.

पट्ट्यांचं बोलू. पुरावा नष्ट करणं हा गुन्हा आहे, पण तो व्हायला दोन गोष्टी लागतात: गुन्हा झाला हे माहीत असणं, आणि गुन्हेगाराला वाचवायच्या इराद्यानं पुरावा घालवणं. रात्रभर दवाखान्यात जागून आलेली बाई सकाळी केर काढते त्यात इरादा कसला? विचारलं तर जसं झालं तसं सांगा. 'झाडलोट केली, पट्ट्या घंटागाडीत गेल्या.' बस्स. यापुढं मात्र खोलीत काही सापडलं तर हात लावू नका, स्वतःच्या कपाटात जपून ठेवू नका, टाकूनही देऊ नका. कुलूप लावा आणि पोलिसांना सांगा. तुमच्या कपाटात सापडलं तर ते तुमच्या ताब्यात सापडलं असं होतं, आणि या कायद्यात ताबा सिद्ध झाला की 'मला ठाऊक नव्हतं' हे आरोपीला सिद्ध करावं लागतं. नेहमीच्या फौजदारी कायद्याच्या उलटं.

आता जबाब. पहिली गोष्ट, तुम्ही बाई आहात आणि साक्षीदार आहात, त्यामुळं तुम्हाला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम १७९ प्रमाणे बाईचा जबाब तिच्या राहत्या घरी घ्यायचा असतो. तुमची स्वतःची तयारी असेल तर जाऊ शकता, पण ती तुमची मर्जी. हवालदार चांगले असतील, त्यांना घाई असेल, 'मावशी, पाच मिनिटं येऊन जा' म्हणतील. हसून म्हणायचं, 'साहेब, चहा ठेवते, घरीच या.' दुसरी गोष्ट, पोलिसांसमोर दिलेल्या जबाबावर सही करायची नसते, तसं कायद्यातच लिहिलंय. सही मागितली तर वाद घालू नका, वकील सोबत असेल तर तो बघून घेईल. तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट, दीरांचा सल्ला ऐकू नका. 'मला काय माहीत नाही' हे वाक्य ऐकायला सोपं वाटतं, पण १०८ च्या फोनची नोंद आहे, अ‍ॅम्ब्युलन्समधल्या डॉक्टरनं तुम्हाला पाहिलं आहे, दवाखान्याच्या केसपेपरवर कुणी आणलं ते लिहिलेलं असतं. खरं बोलून तुमचं काहीही बिघडत नाही. खोटं बोललात तर आत्तापर्यंत साक्षीदार असलेली बाई विनाकारण संशयित होते.

वकिलाचे पैसे कुठून आणू असं वाटत असेल तर विजयनगरला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती हे बघत नाहीत. १५१०० हा फोन नंबरही आहे. मी हे सदर लिहायला लागल्यापासून किती जणींना हे सांगितलं, पण अजूनही बायका दागिना मोडून वकील करतात.

दवाखान्याबद्दल तुमचा सूर थोडा रुसवा धरल्यासारखा वाटला, म्हणून लिहिते. डॉक्टरनं पोलिसांना कळवलं यात गद्दारी काही नाही. विषबाधा, अपघात, भाजणं, या सगळ्यांची पोलीस चौकीला नोंद द्यावीच लागते, तो त्यांचा नेम आहे. पण नोंद होईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे ठणकावून सांगितलं. स्कूटरवरून पडलेल्या माणसाला 'पोलीस केस आहे, आम्ही घेत नाही' म्हणून लांबच्या दवाखान्यात पाठवलं होतं, तो वाटेत गेला. कोर्ट म्हणालं, आधी जीव, कागद नंतर. डॉक्टर सरकारी असो की खासगी.

आपल्या भागाला ही 'पोलीस केस'ची भीती नवी नाही. तासगाव, पलूस, मिरज पूर्व भाग, कुठंही जा. 'औषध पिलं' म्हटलं की कुणी खोकल्याचं औषध समजत नाही, द्राक्षबागेवर फवारायचं औषध समजतात. आणि घरचे दवाखान्यात सांगतात, 'फवारणी करताना वाऱ्यानं तोंडात गेलं.' डॉक्टरला कोणतं औषध ते कळायला तास जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम ११५ आलं, जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही असं त्यात लिहिलं. नव्या न्याय संहितेत तर अशा प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं ३०९ कलमच उरलं नाही. तरी खोटं बोलायची सवय गेलेली नाही. तुमच्या वरच्या खोलीतली पोरं काही वेगळी नाहीत, घराघरात जे पाहिलं तेच करत होती.

मी वकिली नवी सुरू केली होती तेव्हाची एक गोष्ट सांगते. चार मित्र, त्यातला एक बेशुद्ध. बाकीच्या तिघांनी त्याला रिक्षात घालून एका दवाखान्याच्या व्हरांड्यात ठेवलं आणि पळाले. काय घेतलं होतं ते सांगायला कुणी थांबलं नाही. डॉक्टरांनी साखर तपासली, डोक्याला मार आहे का पाहिलं, फिट आली असेल का पाहिलं. मुलगा पहाटे गेला. रिक्षावाल्यानं दोन दिवसांत तिघांना ओळखून दिलं. ज्या सहा महिन्यांच्या शिक्षेला भिऊन ते पळाले होते ती बाजूला राहिली आणि त्यांच्यावर हलगर्जीपणानं मृत्यूला कारण झाल्याचा आरोप आला. त्यातल्या एकाचं वकीलपत्र माझ्याकडं होतं. तो दर तारखेला मला एकच विचारायचा, मी तिथं थांबलो असतो तर काय झालं असतं? त्याला द्यायला माझ्याकडं उत्तर होतं, पण मी कधी दिलं नाही.

त्यामुळं तुमच्या जतच्या मुलाकडं मी वेगळ्या नजरेनं बघते. तो थांबला. आता त्याचं काय होईल ते जमेल तेवढं सरळ सांगते, गोड करून सांगत नाही.

नशा करणं हा एनडीपीएसच्या कलम २७ खाली गुन्हा आहे. हेरॉइन, कोकेनसारख्या पदार्थांना एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. बाकीच्यांना सहा महिने किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. दुखण्याच्या गोळ्यांतलं ट्रामाडोल २०१८ पासून या कायद्याखाली आलं, झोपेच्या बऱ्याच गोळ्या आधीपासून आहेत. म्हणजे 'मेडिकलमधल्या गोळ्या होत्या, ड्रग्ज नव्हते' हा युक्तिवाद चालत नाही. जामिनाचं म्हणाल तर इथं एक खाचखळगा आहे. शिक्षा छोटी असली तरी मुंबई उच्च न्यायालयानं २०२० मध्ये या कायद्यातले सगळेच गुन्हे अजामीनपात्र धरले, त्यामुळं ठाण्यातूनच सुटका होईल असं समजू नये, कोर्टात अर्ज करावा लागू शकतो. पण जामिनाच्या ज्या कडक अटींच्या बातम्या तुम्ही वाचता त्या मोठ्या प्रमाणातल्या मालासाठी आणि तस्करीसाठी आहेत. एका गोळीला त्या लागत नाहीत.

मग त्याच्याविरुद्ध आहे काय? महिना होऊन गेला. त्याच्या रक्ताची तपासणी झालेली नाही, त्याच्याकडं काही सापडलं नाही. तो स्वतः पोलिसांना म्हणाला, 'मी पण एक घेतली', तर पोलिसांसमोरची कबुली कोर्टात पुरावा होत नाही. या कायद्याखालच्या अधिकाऱ्यांसमोरच्या कबुलीलाही तेच लागू, असं सर्वोच्च न्यायालयानं तोफान सिंग खटल्यात २०२० साली सांगितलं. शिवाय ज्या प्रश्नाच्या उत्तरानं स्वतःच गुन्ह्यात अडकेल त्याचं उत्तर न देण्याचा हक्क त्याला आहे, घटनेच्या कलम २० मध्येच आहे तो. लक्षात घ्या, हा गप्प राहण्याचा हक्क आहे, खोटं बोलायचा नाही. मित्राला कधी पाहिलं, कधी खाली आला, कुणाला उठवलं, हे त्यानं खुशाल सांगावं. स्वतःच्या गोळीचा प्रश्न आला की वकिलाला विचारून सांगतो म्हणावं.

खरी धोक्याची जागा दुसरी आहे, आणि ती वडिलांनी मुलाला एकांतात विचारावी: गोळ्या आणल्या कुणी? त्यानं आणून मित्राला दिल्या असतील, फुकट का असेना, तर ते नुसतं सेवन राहत नाही, पुरवणं होतं. तसं असेल तर जबाबाच्या आधी वकील, त्यानंतर बाकी सगळं.

जो बेशुद्ध पडला त्याच्यासाठी या कायद्यात एक दार आहे आणि ते फार थोड्यांना माहीत आहे. कलम ६४ अ. व्यसनात अडकलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला आणि उपचार घेतले, तर सेवनाचा किंवा अगदी थोड्या प्रमाणाचा गुन्हा त्याच्यावर चालवला जात नाही. थोडं म्हणजे किती हे पदार्थावर ठरतं. गांजा १ किलोपर्यंत, हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत, एमडी २ ग्रॅमपर्यंत. उपचार अर्धवट सोडले तर मात्र ही सूट काढून घेता येते. ही सवलत व्यसनी माणसासाठी आहे. ज्यानं हौसेखातर एकदा घेतली तो या दारातून आत जायला लागला तर 'तू व्यसनी कुठं आहेस' असं विचारलं जाऊ शकतं. गंमतच म्हणायची, पूर्ण बुडालेल्याला दोर आहे आणि काठावर पाय घसरलेल्याला नाही. त्याच्यासाठी मग कोर्टाची दया उरते. सेवनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला तरी वय आणि पूर्वीचं वागणं बघून तुरुंगाऐवजी हमीवर सोडता येतं. वीस वर्षांच्या, पहिल्यांदाच अडकलेल्या आणि मित्रासाठी मदत मागायला धावलेल्या मुलाबाबत न्यायाधीश हे सगळं बघतात. कायद्यात 'मदत मागितली म्हणून माफ' असं वाक्य नाही, पण कोर्टात ती गोष्ट वजनदार ठरते.

गावी गेलेल्या मुलाच्या घरच्यांना १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर द्या. मान्यताप्राप्त केंद्र कुठलं ते तिथून विचारून घ्यायला सांगा, कारण ६४ अ साठी केंद्र मान्यताप्राप्त असावं लागतं. गल्लोगल्ली बोर्ड लावून बसलेल्या केंद्रांतली सगळीच तशी नसतात.

तुम्ही पत्रात लिहिलं नाही, पण माझा अंदाज आहे की गोळ्या कुठून येतात ते तुम्हाला आता कळलं असेल. कोपऱ्यावरची टपरी असेल, नाहीतर चिठ्ठी न विचारणारं एखादं मेडिकल. ते जबाबात सांगायला भीती वाटत असेल तर १९३३ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर वेगळं कळवता येतं. आणि एनडीपीएसच्या कलम ६८ प्रमाणे माहिती कुणी दिली हे सांगायची सक्ती अधिकाऱ्यावर कोर्टसुद्धा करू शकत नाही. म्हणजे विकणाऱ्याची खबर देणाऱ्याचं नाव झाकायला कायदा आहे, मरणाऱ्यासाठी फोन करणाऱ्याचं झाकायला नाही. हे मी तक्रार म्हणूनच लिहितेय.

पुन्हा अशी वेळ येऊ नये. आलीच तर असं करा. फोनवर 'ड्रग्ज' हा शब्द उच्चारायलाच हवा असं नाही. 'माणूस बेशुद्ध आहे, श्वास अडकतोय, ओठ निळे पडलेत' एवढ्यावर १०८ निघते. त्याला कुशीवर वळवा, वरचा पाय गुडघ्यात वाकवून पुढं, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकणार नाही. एकटं सोडू नका. लिंबूपाणी, दूध, मिठाचं पाणी, काही नको. कांदा नको, चप्पलही नको. मात्र डॉक्टर समोर आला की एकही गोष्ट झाकू नका. कोणती गोळी, किती, कधी, सोबत दारू होती का. रिकामी पट्टी हातात द्या. अफूच्या जातीच्या औषधावर नॅलोक्सोन नावाचं, त्याचा असर उतरवणारं इंजेक्शन दवाखान्यात असतं, ते मिळालं तर माणूस काही मिनिटांत श्वास घ्यायला लागतो. एमडी घेतलेल्याला त्याचा उपयोग नाही. त्याचं अंग तापतं, छाती धडधडते, झटके येतात, त्याला वेगळा उपचार लागतो. म्हणून नाव कळणं महत्त्वाचं. हे केसपेपरवर लिहिलं जाईल का? जाईल. कधी कोर्टासमोर येऊ शकतं का? येऊ शकतं. तरीही सांगा. वाचलेल्या मुलाची केस लढता येते.

जतच्या गृहस्थांशी भांडू नका. ते घाबरलेत, आणि घाबरलेला बाप आधी बाईवर ओरडतो. हे पान त्यांना पाठवा. मुलाला मात्र तुम्ही स्वतः एकदा जेवायला बोलवा. त्याला कुणीच अजून 'बरं केलंस' म्हटलेलं नसणार.

तुमच्या भाडेकरू मुलांची माहिती पोलीस ठाण्यात दिली नसेल तर जबाबाच्या आधी देऊन टाका, आधार कार्डाच्या प्रती आणि घरच्यांचे नंबर जोडून. ही जुनी कसर उगाच या प्रकरणात निघायला नको. आणि जबाबाच्या दिवशी वरच्या खोलीची किल्ली कमरेला असू द्या. पंचनामा करायचा म्हणाले आणि किल्ली सापडली नाही, तर तुमचंच कुलूप फुकट फुटेल.